रेडिओवरची चर्चा कशी ऐकावी? (पारोळा आवृत्ती)

ही मार्गदर्शिका गाणी ऐकणाऱ्यांसाठी नाही. 'आपली आवड' ऐकायला शिकवणी लागत नाही, आणि मॅचची कॉमेंट्री पानटपरीवर उभ्या उभ्याही कळते. पण कोरडवाहू शेतीपुढचे प्रश्न, ग्रामीण कादंबरीतलं वास्तव, लोकशाही आणि तरुण पिढी असा एखादा विषय घेऊन तीन विद्वान आणि एक सूत्रधार अर्धा तास बोलत राहतात, आणि पारोळ्यातला एक गृहस्थ एका गालाची दाढी उरकून, दुसऱ्या गालावर साबण वाळत असताना वस्तरा हातात धरून ते ऐकत थांबतो, त्याला मात्र अभ्यास लागतो. तो अभ्यास कसा करावा एवढंच इथे सांगायचं आहे. खिशातल्या मोबाईलवर जगातलं सगळं ज्ञान असताना तो कशाला करावा, याचंही उत्तर पुढे येईल. उत्तराची घाई असलेला माणूस या छंदाच्या कामाचा नाही.

सेट आणि दिशा

सेट सेलवर चालणारा आणि मध्यम लहरी पकडणारा असावा. शोकेसमधला नको. जळगाव केंद्र 963 किलोहर्ट्झवर सापडतं. ते 1976 साली सुरू झालं. त्याआधी खानदेशी माणसाला विद्वत्ता ऐकायची तर पुणे, मुंबई नाहीतर इंदूरकडे कान लावावा लागे, आणि अर्धी विद्वत्ता खरखरीत जाई.

आवाज खोल गेला की नवशिका सेटला चापट मारतो. चापट मारू नये. (ती अधूनमधून लागू पडते, पण असलं मार्गदर्शिकेत लिहीत नाहीत.) सेटच्या पोटात फेराइटची काळी कांडी आडवी बसवलेली असते, तिच्यावर बारीक तारेचं वेटोळं असतं. मध्यम लहरी पकडते ती ही कांडी. वर ओढायचा चकचकीत एरियल त्या कामाचा नाही, नवशिका मात्र तोच ओढत बसतो. कांडीचं टोक केंद्राच्या दिशेला झालं की आवाज मरतो, कांडी केंद्राला आडवी झाली की उठतो. म्हणजे पारोळ्यात बसून जळगाव ऐकायचं तर सेटचं तोंड पूर्वेला, किंचित उत्तरेकडे झुकतं ठेवावं. पाठ ठेवली तरी चालतं, कांडीला मानापमान नसतो. घरातल्या म्हाताऱ्यांना हे शास्त्र माहीत नसतं, पण अमुक कोनाड्यात, अमुक तिरपा ठेवला की 'जळगाव साफ येतं' हे पक्कं माहीत असतं. झाडलोट करताना सुनेच्या हातून तो तिरपेपणा सरळ झाला तर घरात जी चर्चा होते ती वेगळी, तिचा या अभ्यासक्रमात समावेश नाही.

सेल उतरले की उन्हात ठेवावेत. पारोळ्यात एप्रिल-मे महिन्यांत ऊन ही वस्तू कोणी मोजून देत नाही. त्यानं सेल नव्यासारखे होत नाहीत, थोडा वेळ जीव धरतात, आणि तेवढ्यात चर्चेचा समारोप आटोपतो.

आता शत्रू. स्वस्तातले एलईडी बल्ब आणि मोबाईलचे चार्जर मध्यम लहरींवर एकसारखी चरचर सोडतात. त्यावर आपल्याकडे एक रामबाण उपाय होता आणि तो सरकारी खर्चानं मिळत होता, तो म्हणजे लोडशेडिंग. वीज गेली की टीव्ही गप्प, कूलर गप्प, गल्लीच्या टोकाची पिठाची गिरणी गप्प. अशा वेळी 'स्त्रीमुक्तीची बदलती संकल्पना' हा विषय इतका स्वच्छ ऐकू येई की ज्यांना तो ऐकायचा नव्हता त्यांनाही ऐकावा लागे. खानदेशात वैचारिक कार्यक्रमांचा श्रोता कोणी टिकवला याचा इतिहास लिहायची वेळ आली, तर भारनियमनाला एक स्वतंत्र प्रकरण द्यावं लागेल.

न समजता ऐकणे

पहिली परीक्षा ही. दिल्लीहून 1974 पासून संस्कृत बातम्या लागतात. कित्येक वर्षं त्या सातला पाच कमी असताना लागत, आणि सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून मराठी प्रादेशिक बातम्या. मधे सेट बंद करून पुन्हा लावायचा म्हणजे स्टेशन हलायची भीती. म्हणून तो चालूच राही. अशा रीतीनं संस्कृतचा एक शब्द न येणारी घरंच्या घरं रोज पाच मिनिटं संस्कृत ऐकत आली. चुलीवर चहा, ओट्यावर दातून, आणि मधे कुठेतरी 'प्रधानमन्त्री' एवढा एक ओळखीचा शब्द आला की म्हातारा मान हलवी.

या मान हलवण्याला हसू नये. पुढे एखादे प्राध्यापक 'उत्तर-वसाहतवादी परिप्रेक्ष्यातून पाहता' असं वाक्य सुरू करतात, तेव्हा हाच माणूस डगमगत नाही. आपल्याला न कळणारी गोष्टही दुसऱ्या कोणाला तरी मनापासून सांगावीशी वाटते, आणि ती संपेपर्यंत आपण गप्प बसलो म्हणून आपलं काही नुकसान होत नाही, हे तो दातून चावत शिकलेला असतो. कळलं नाही म्हणून स्टेशन बदलणारा या परीक्षेत नापास.

वक्ते ओळखणे

टीव्हीवर माणसाच्या छातीखाली त्याच्या नावाची पट्टी येते, त्यामुळे ऐकायची गरज उरत नाही. रेडिओवर नाव एकदाच सांगतात, तेही आपण बाहेर कपडे वाळत घालत असताना. पुढे आवाजावरून चालवावं लागतं.

प्राध्यापक ओळखायला सोपे. ते सुरुवातीलाच 'याला तीन पैलू आहेत' असं जाहीर करतात, आणि दुसऱ्या पैलूच्या मध्यावर वेळ संपते. तिसरा पैलू कोणता असावा यावर ओट्यावर आठवडाभर मतं पडतात. अधिकारी योजनेचं पूर्ण नाव घेतात, मधल्या कंसासह. डॉक्टर घाबरवून मग धीर देतात. 'प्रगतिशील शेतकरी' म्हणून बोलावलेले गृहस्थ पहिली पाच मिनिटं नुसतं 'हो, बरोबर' म्हणतात. मग सूत्रधार सहज विचारतो, तुमचा अनुभव काय, आणि ते एकरी बियाणं किती, ठिबकच्या नळीला भोक किती अंतरावर, कपाशीला पहिलं पाणी कधी तोडलं, हे इतक्या शांतपणे सांगतात की बाकीचे तिघे बोलायचे थांबतात. माझ्या मते पारोळ्यात चर्चा ऐकली जाते ती या पाच मिनिटांच्या आशेवर. तोवरचं सगळं ही त्याची वाट पाहण्याची किंमत.

कानाला सराव झाला की कागदही ऐकू येतो. आकाशवाणीवर भाषणाची संहिता आधी द्यायची जुनी पद्धत. पानं टाचलेली नको, सुटी हवीत, आणि उलटायची नाहीत, अलगद बाजूला सरकवायची, म्हणजे माइकमध्ये सळसळ येत नाही. तरी पान संपताना वक्ता श्वास घेतोच. तो श्वास वाक्याच्या मधेच आला तर समजावं, पानाच्या शेवटी वाक्य तुटलंय. 'अगदी बरोबर बोललात!' हा उत्स्फूर्त उद्गार जरा जास्तच स्पष्ट उच्चारात आला, तर तोही लिहून आणलेला आहे असं धरून चालावं.

याहून कठीण विद्या म्हणजे न बोललेलं ऐकणं. आकाशवाणीची स्वतःची आचारसंहिता आहे. मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्मावर किंवा समाजावर हल्ला नको, राष्ट्रपती, राज्यपाल, न्यायसंस्था यांच्या सचोटीवर शिंतोडे नकोत, राजकीय पक्षाचं नाव घेऊन टीका नको. एवढं सगळं टाळून 'सहकार चळवळीचा ऱ्हास' या विषयावर अर्धा तास बोलायचं म्हणजे वक्त्याला 'काही घटक', 'विशिष्ट प्रवृत्ती', 'सर्वांनाच माहीत असलेली परिस्थिती' अशा वाटांनी जावं लागतं. नवशिक्याला हे गुळमुळीत वाटतं. मुरलेल्या श्रोत्याला ते निमंत्रण वाटतं. रेडिओवर 'काही घटकांनी' एवढे शब्द आले की ओट्यावरचे आबा त्या घटकाचं नाव, गाव, सोसायटी आणि त्याच्या मेव्हण्याचा धंदा सांगून मोकळे होतात. कार्यक्रमाचा कणा स्टुडिओत, मांस मात्र पारोळ्यात.

ओटा

इथे जरा सावकाश वाचावं, कारण सगळं यातच आहे.

एकट्यानं चर्चा ऐकू नये. एकट्यानं ऐकलेल्या चर्चेला आकाशवाणीच्या भाषेत 'प्रसारण' म्हणतात, ती चर्चा नव्हे. किमान तीन माणसं हवीत: एक ज्याला विषयातलं थोडं कळतं, एक ज्याला सगळं कळतं, आणि एक जो विचारतो. विचारणारा सर्वांत महत्त्वाचा. तो अर्ध्या वाक्यात विचारतो, "हाऊ काय सांगी राह्यना, आबा?" आबा हातानं थांब म्हणतात. मग पान सरकल्याचा श्वास येतो, तेवढ्या फटीत आबा सांगतात, "माले बी नही समजनं. पन खरं सांगी राह्यना."

अहिराणीतला हा शेरा मी मोठमोठ्या परीक्षणांपेक्षा वरचा मानतो. न समजताही खरं वाटतं ते आवाजामुळे. माणूस पाठ केलेलं बोलतोय की आत्ता शोधून बोलतोय, हे कानाला कळतं. डोळ्यांना कळत नाही, डोळे कपडे बघत बसतात.

ओट्यावर वाद पेटवायचा असेल तर किल्ल्यांवरची चर्चा लावावी. वक्ता खानदेशातल्या भुईकोटांची नावं घेत जातो आणि पारोळा विसरतो. मग पाहा. 1727 साली जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी बांधलेला किल्ला, खंदकासह, भर गावात उभा आहे, आणि हा बाबा विसरतो? तेवढ्यात वक्ता झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंवर येतो आणि त्यांचा जन्म काशीचा म्हणून सांगतो. हे चूक नाही, पण ओट्यावर कोणी हलत नाही. राणीच्या माहेरच्या तांब्यांचं घराणं कुठलं? राणीचं माहेर म्हणून कोणत्या गावाचं नाव घेतात? ओट्यावरचे जिभाऊ उठून रेडिओसमोर उभे राहतात आणि वक्त्याला तोंडावर सांगतात. वक्ता न थांबता तात्या टोप्यांवर जातो. जिभाऊ आणखी मोठ्यानं सांगतात.

हीच ती खुबी. रेडिओ उलट बोलू देत नाही. टीव्हीवरचे पाहुणे एकमेकांना बोलू देत नाहीत, त्यामुळे आपल्याला काही म्हणायचं उरतच नाही. आपल्या वतीनं ते आधीच ओरडून घेतात. रेडिओवरचा माणूस शांतपणे आपलं म्हणणं पूर्ण करतो, त्याला अडवता येत नाही, आणि पोटात साठलेलं सगळं शेवटी शेजारी बसलेल्यावर निघतं. वक्ते तासाभरानं आपापल्या घरी जातात. जिभाऊ आणि आबा यांचं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू होतं.

हा माझा अंदाज नव्हे, हे तपासून झालेलं आहे. 1956 साली युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रावर एक प्रयोग झाला. कल्पना कॅनडातून आलेली. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत श्रोत्यांची मंडळं काढली, मंडळात साधारण वीस माणसं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण 20 कार्यक्रम. कार्यक्रम संपला की मंडळानं आपापसांत बोलायचं, शंका पुण्याला पाठवायच्या, पुण्यानं पुढच्या वेळी उत्तर द्यायचं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानं त्याची पाहणी केली. हे व्हिएन्नाच्या प्रसिद्ध तत्त्वज्ञाचे, ऑटो न्यूराथ यांचे चिरंजीव. दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्या भोगून अमेरिकेला गेलेला हा माणूस मराठी खेड्यांत येऊन, बांधावरची माणसं रेडिओ ऐकून काय बोलतात याची नोंद करत होता. निष्कर्ष ओट्याच्या बाजूनं लागला. मंडळं असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडली. रेडिओ आहे पण मंडळ नाही, अशा गावांत फारशी पडली नाही. आणि मंडळं नुसती बोलत बसली नाहीत. कुठे विहीर खोदायला घेतली, कुठे जातिवंत वळू आणला, कुठे लेगहॉर्न कोंबड्या, कुठे बालवाडी.

त्या पाच जिल्ह्यांत तेव्हाचा पूर्व खानदेश, म्हणजे आपला जिल्हा, नव्हता, ही गोष्ट आबांना सांगू नये.

खानदेशची पूर्वपीठिका

असली विद्या पुण्या-मुंबईची, असं कोणी म्हणालं तर त्याला अमळनेरच्या बसमध्ये बसवावं. तिथे 1916 सालापासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, श्रीमंत प्रताप शेठांनी उभारलेलं. कापडगिरणीच्या पैशातून कोणी वेदान्तावर वाद घालायला जागा बांधून दिली, असं उदाहरण मला दुसरं सुचत नाही. साने गुरुजी आधी तिथेच होते, मग शाळेत शिकवायला लागले. आणि 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवार-रविवार करत गीतेवर 18 प्रवचनं दिली, ती गुरुजींनी उतरून घेतली. श्रोता कसा असावा, तर असा. माइक नाही, सेट नाही, बोलणारा आणि ऐकणारा दोघेही कैदी, आणि तरी पुस्तक झालं.

तिकडे लंडनलाही हाच प्रकार चाले. बीबीसीनं 1948 मध्ये रीथ व्याख्यानं सुरू केली ती बर्ट्रांड रसेल यांना घेऊन. युद्धाच्या काळात बीबीसीवर मराठी प्रसारण होतं. जॉर्ज ऑर्वेल तेव्हा तिथे हिंदुस्थानसाठी बोलायची-लिहायची नोकरी करत होते आणि वेणू चितळे ही मराठी बाई त्यांच्यासोबत काम करत होती. अलीकडचं सांगायचं तर मेल्विन ब्रॅग नावाचे गृहस्थ 1998 पासून दर गुरुवारी सकाळी तीन प्राध्यापकांना समोर बसवून एकाच विषयावर बोलते करत. हजारावर भाग झाले, आणि 2025 मध्ये ते त्यातून बाजूला झाले. श्रोते आंघोळ-न्याहारी करत ऐकत असणार. अर्धी दाढी तिथेही राहिली असेल.

रात्रीचा वर्ग

मे महिन्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, झोपायला गेल्यावर पुढचा धडा. दिवसा जी केंद्रं सापडत नाहीत ती रात्री आपणहून येतात. आकाशातला जो खालचा थर दिवसा मध्यम लहरी गिळतो तो सूर्यास्तानंतर विरतो, आणि वरच्या थरावर आपटून लांबच्या लहरी खाली उतरतात. मग काटा अर्ध्या केसाएवढा सरकवला की पुणे, आणखी जरा की मुंबई, मधेच कानडी, मधेच गुजराती. एक स्टेशन दुसऱ्यावर चढतं. 'संत साहित्यातील सामाजिक आशय' चालू असताना मागून कोणीतरी कांद्याचे भाव सांगत असतं. दोन्ही ऐकावेत. घरातली जिजी अंथरुणावरून विचारते, "कांदा काय भाव?" आणि संत साहित्याचं म्हणणं त्यात बुडतं. याला व्यत्यय समजू नये, तुकोबांनाही दुकान होतं.

मोबाईल

आता ते राहिलेलं उत्तर. आकाशवाणी मोबाईलवरही ऐकता येते, खरखर नाही, कांडी नाही, दिशा नाही. ऐकावी. शिवाय हवी ती चर्चा हवी तेव्हा लावता येते, कंटाळा आला की पुढे सरकवता येते. गोम तिथेच आहे. पुढे सरकवता येत असतं तर प्रगतिशील शेतकऱ्यांची पहिली पाच मिनिटं कोणी ऐकली असती? आणि त्यांचा आवाज बदलला हे कोणाला कळलं असतं? शिवाय कानात बोंडं घालून ऐकणाऱ्याला शेजारी 'हाऊ काय सांगी राह्यना' असं विचारू शकत नाही. विचारलं तरी तो एक बोंड काढून "काय?" म्हणतो, तोवर वाक्य गेलेलं असतं.

प्रात्यक्षिक: पत्र पाठवणे

अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची खूण म्हणजे पोस्टकार्ड. पत्ता सोपा आहे: केंद्राचं नाव आणि आकाशवाणी, बाकी पोस्टाला कळतं. कार्यक्रमाचं नाव आणि तारीख आधी लिहावी. 'कार्यक्रम अत्यंत श्रवणीय व माहितीपूर्ण होता' या वाक्यात अर्धं कार्ड घालवू नये, ते सगळेच लिहितात. थेट मुद्द्यावर यावं: चर्चेत तिसऱ्या मान्यवरांनी कोरडवाहू शेतकऱ्यानं शेततळं करावं असं सांगितलं, तर दोन एकरवाल्यानं तळं केल्यावर पेरायचं कुठे, हे त्यांना विचारून कळवावं. सही स्पष्ट करावी, गावासमोर तालुका लिहावा. जागा उरली तर किल्ल्याचा विषय काढावा. मजकुरावर ओट्यावर आधी एकमत करायच्या फंदात पडू नये, नाहीतर कार्ड पावसाळ्यापर्यंत पेटीत पडत नाही. आबांनी वेगळं टाकावं, जिभाऊंनी वेगळं.